आमचें बावखल व त्याचे राखणदार



महोत्सवाच्या या स्मरणिकेंत आपल्या देवळाच्या इमारतीचा, येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा, शाळेचा व भगिनी-मंडळाचा वृत्तांत इतरांनीं लिहिला आहे. संपादक मंडळानें मजकडे इतिहासाचा एक लेख मागितला, तेव्हां आतां कोणता विषय उरला असा विचार करीत मी माझ्या खोलीच्या खिडकीशीं उभा होतों. त्या खिडकींतून शाळेमागचें बावखल दिसतें. देवळाचा इतिहास लिहिणाऱ्यांपैकीं कोणीही त्याचा उल्लेख केलेला नव्हता. म्हणून या पाण्याचा व तें राखणाऱ्या माणसांचा इतिहास आपणांपुढें ठेवावा असें मीं ठरविलें. या इतिहासांत माझ्याही एका चुकीचा भाग आहे. तोही योग्य ठिकाणीं सांगेन.

वसईचा आपला पट्टा तिन्ही बाजूंनीं खाऱ्या पाण्यानें वेढलेला आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाशीं असलेली वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा. आणि पूर्वेस मात्र तुंगारेश्वराचे डोंगर. पाऊस येथें वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. परंतु तो जवळ जवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. उरलेल्या आठ महिन्यांत आभाळाकडून कांहीं मिळण्याची आशा नसते. अशा भूमींत केळी, नागवेली, भाजीपाला व फुलें पिकवून मुंबईच्या बाजाराला पुरविणारे बागाईतदार पिढ्यान्‌पिढ्या कसे नांदले, याचें कोडें परगांवच्या माणसास पडतें. त्याचें उत्तर बावखलांत आहे.

कोंकणांत 'बाव' म्हणजे विहीर, हें आपणांपैकीं वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. बावखल हें विहिरीहून पुष्कळ रुंद, पण तळ्याहून लहान असतें. वाडीच्या सखल भागांत जमीन खणून, कांठ उतरते ठेवून तें केलेलें असतें. पावसाळ्यांत आसपासच्या जमिनीवरून वाहणारें पाणी त्यांत येऊन थांबतें. कांहीं बागेच्या उपयोगीं पडतें आणि पुष्कळसें जमिनींत मुरून शेजारच्या विहिरींना मिळतें. कांठावर रहाट असे. बैल किंवा रेडा त्याला फिरवी आणि माळेंतलीं गाडगीं एकामागून एक पाणी वर आणून पाटांत ओतीत. पाण्यांत मासे व कांसवें, कांठावर नारळ-पोफळी, उन्हाळ्यांत तेथें गुरांचें पाणी व पोरांचें पोहणें, असा हा सगळा संसार होता.

या भूमीवरून तीन राज्यें गेलीं. १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकून घेतली. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांचा अंमल कायम झाला. किल्ल्यावरचें निशाण बदललें, सारा घेणारा कारकून बदलला, दस्तऐवजांची भाषाही बदलली. परंतु शेतकऱ्याचें वर्ष कोणत्याही दरबाराच्या हुकुमानें चालत नव्हतें. तें पाण्याच्या हुकुमानें चालत होतें. वैशाखांत पाणी खालीं गेलें कीं वाटेकरी मिळून गाळ काढीत. तोच गाळ केळीच्या व भाजीच्या बुंध्याशीं खत म्हणून पडे. रहाटाच्या पाळ्या ठरलेल्या असत, आणि पाळी चुकविणाऱ्याचा न्याय चारचौघांत होई. या कामाला त्या काळीं 'स्वयंसेवा' असें भारदस्त नांव कोणीं दिलेलें नव्हतें. ज्याला पाणी हवें त्यानें फावडें उचलावें, एवढाच त्यांतला कायदा होता.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घ्यावी. पाण्यानें धर्मभेद मानलेला नाहीं. निर्मळचें तळें आपल्या हिंदु बांधवांचें तीर्थ आहे. तेथें कार्तिक महिन्यांत मोठी यात्रा भरते, आणि त्याच गांवीं आपलें होली क्रॉस देऊळही उभें आहे. आपल्या ईस्ट इंडियन बांधवांत लग्नाच्या आदल्या दिवशीं वाजतगाजत विहिरीचें पाणी आणण्याची चाल 'उंबराचें पाणी' या नांवानें प्रसिद्ध आहे. बाप्तिस्म्याचें पाणी तर आपण सर्वांनींच कपाळावर घेतलें आहे. ज्या समाजाचे जन्म व विवाह दोन्ही पाण्याच्या साक्षीनें होतात, त्यानें आपल्या दारचें पाणी विसरावें हें नवल होय.

आतां थोडें शास्त्र. किनाऱ्यावरच्या जमिनीखालीं गोडें पाणी हें खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें, कारण समुद्राचें पाणी गोड्याहून सुमारें चाळिसाव्या हिश्शानें जड असतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच अभियंता बाडोन घायबेन यानें, व त्यानंतर १९०१ सालीं जर्मनीच्या हर्झबर्ग यानें, यावरून एक हिशेब बसविला. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल, तर खालीं सुमारें ४० फूट खोलीपर्यंत गोडें पाणी राहतें. हें ऐकावयास गोड वाटतें. परंतु याच हिशेबाची दुसरी बाजू भयंकर आहे. वरची पातळी एक फूट उतरली, कीं खालचें खारें पाणी हळूहळू चाळीस फूट वर चढूं पाहतें. प्रत्यक्षांत जमिनीच्या थरांप्रमाणें यांत कमीअधिक होतें. पण रीत हीच. म्हणजे आपल्या विहिरींत जें गोडें पाणी आहे, तें समुद्राला दाबून धरणारें एक झांकण आहे, आणि तें झांकण दरवर्षीं पावसानें नव्यानें भरावें लागतें. आमच्या आजोबांना हा हिशेब ठाऊक नव्हता. त्यांनीं बावखलें मात्र खणलीं होतीं.

मग ही व्यवस्था मोडली कशी? एका दिवसांत मोडली नाहीं, आणि एकाच्या हातूनही मोडली नाहीं. प्रथम रहाट गेला व त्याच्या जागीं तेलाचें इंजिन, पुढें विजेचा पंप आला. रहाट पाणी ओढी तें जनावराच्या चालीनें. जमिनीला पुन्हां भरण्यास अवकाश मिळे. पंपाला दम लागत नाहीं. नंतर घरोघरीं नळ आले, आणि ज्या पाण्यावर आपला जीव अवलंबून नाहीं त्याची काळजी मनुष्य करीत नाहीं. गाळ काढणें थांबलें. तरुण मंडळी नोकरीसाठीं लोकलगाडीनें मुंबईस जाऊं लागली. बाग करणारे हात थोडे झाले. जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि बावखल ही 'वायां गेलेली जागा' ठरली. शेवटीं त्यांत कचरा पडूं लागला. दक्षिण अमेरिकेंतून कोण्या काळीं फुलांच्या हौसेनें आपल्या देशांत आणलेली जलपर्णी त्यावर पसरली. तिच्या दाट छायेखालीं पाण्यांतला प्राणवायु कमी होतो व मासे मरतात. ती कुजून तळाशीं बसली कीं गाळ वाढतो, आणि मग लोक म्हणतात, "या डबक्याचा उपयोग काय? बुजवून टाका."

१९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वसईवर बांधकामाचें मोठें संकट आलें. नव्या इमारतींसाठीं व वस्त्यांसाठीं पश्चिम पट्ट्यांतल्या विहिरींचें पाणी टँकरांनीं भरून नेलें जात होतें. वरच्या हिशेबावरून त्याचा परिणाम काय होणार हें आतां आपणांस समजेल. तेव्हां हरित वसई संरक्षण समिति उभी राहिली. तिचे अध्वर्यु फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे आपल्याच मातीचे. 'सुवार्ता' मासिकाचे ते अनेक वर्षें संपादक होते, २०२० सालीं धाराशिव येथें भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि २५ जुलै २०२४ रोजीं ते प्रभुचरणीं विलीन झाले. त्यांच्या बरोबर ख्रिस्ती होते तसे हिंदुही होते. शेतकरी होते तसे शिक्षकही होते. आणि ज्यांनीं कधीं घराबाहेर सभेंत तोंड उघडलें नव्हतें अशा बायका मोर्च्याच्या अग्रभागीं होत्या. त्या चळवळीनें सर्व कांहीं वांचविलें असें म्हणणें खरें होणार नाहीं. १९९० नंतर शहर वाढलेंच, आणि २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली. परंतु हिरव्या पट्ट्याचा जो भाग आज शिल्लक आहे, तो त्या माणसांनीं आपला वेळ, आपला पैसा व कित्येकांनीं आपली मनःशांति खर्चून राखलेला आहे. त्यांना कोणी वेतन दिलेलें नव्हतें.

जुलै २०१८ मध्यें या इतिहासानें आपणांस एक कडक धडा दिला. मुसळधार पावसानें वसई, नालासोपारा व विरार हा सगळा भाग पाण्याखालीं गेला, आगगाड्या बंद पडल्या, आणि कित्येक वस्त्यांत कांहीं दिवस पाणी तुंबून राहिलें. पाऊस पूर्वींही पडत असे. परंतु पूर्वीं तो जेथें थांबावयाचा तीं बावखलें, खाजणें व सखल शेतें भरून काढलेलीं होतीं. पाण्याला त्याची जागा नाकारली, म्हणून तें आपल्या जागेंत आलें. एकच बावखल एकाच वर्षीं दोन उपकार करतें. जुलैंत तें पूर थोपवितें आणि एप्रिलांत तेंच विहीर भरतें.

कोणी म्हणेल, यासाठीं सरकार आहे, न्यायालय आहे. आहे खरें. सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं हिंचलाल तिवारी यांच्या खटल्यांत गांवतळीं हीं समाजाची संपत्ति असून तीं राखलीं पाहिजेत असें ठरविलें. २०११ सालीं पंजाबांतील एका गांवतळ्याच्या, म्हणजे जगपाल सिंग यांच्या, खटल्यांत त्याच न्यायालयानें गांवच्या सामाईक जमिनींवरचीं अतिक्रमणें हटविण्याची योजना करण्यास सर्व राज्यांस सांगितलें. परंतु आमचीं बावखलें बहुतांशीं खाजगी वा कांहीं कुटुंबांच्या सामाईक मालकीचीं, गांवठाणाचीं नव्हेत. पाणथळ जागांच्या रक्षणासाठीं केंद्र सरकारनें २०१७ सालीं जे नियम केले, त्यांच्या व्याख्येंतून सिंचनासाठीं मुद्दाम केलेल्या रचना वगळलेल्या आहेत. म्हणजे पूर्वजांनीं बाग शिंपण्यासाठीं आपल्या हातानें खणलें, या त्यांच्या गुणापायींच बावखल त्या नियमांच्या छत्राबाहेर पडतें! जेथें कायद्याचा हात पोंचत नाहीं, तेथें शेजाऱ्याचा हात पोंचला पाहिजे. स्वयंसेवकांचें महत्त्व यांतच आहे.

आतां आपल्या शाळेमागच्या बावखलाविषयीं. मी या धर्मग्रामांत आलों त्या वर्षीं कुंपणाची भिंत दुरुस्त होत होती. राडारोडा कोठें टाकावा असें मुकादमानें विचारलें, आणि मीं खिडकींतून बोट दाखविलें. तेथें आधींच सणाच्या मंडपाचा कचरा, थर्मोकोलच्या ताटल्या व निर्माल्य झालेल्या फुलांच्या माळा पडत होत्या. आणखी चार गाड्या पडल्यानें काय बिघडतें, असें मला वाटलें. सात वर्षें सेमिनरींत तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलेल्या मला हें सुचलें नाहीं, कीं सृष्टि ही देवाची निर्मिति आहे असें वेदीवरून सांगणाऱ्यानें तिच्यांत राडारोडा टाकूं नये. दोन उन्हाळ्यांनंतर देवळाच्या विहिरीचें पाणी मचूळ झालें. देवळाशेजारच्या एका म्हाताऱ्या आजीबाईंनीं तांब्याभर पाणी माझ्यापुढें ठेवलें आणि म्हटलें, "फादर, चाखून बघा. आमच्या लग्नाचं पाणी ह्याच विहिरीचं होतं." मीं चाखलें. उत्तर देण्यासारखें कांहीं नव्हतें.

त्या उन्हाळ्यांत काम सुरू झालें. आरंभीं युवक-मंडळाचे पंधरा-वीस जण होते. जलपर्णी कापून भागत नाहीं. मुळासकट ओढून बाहेर न काढल्यास ती महिन्याभरांत पुन्हां पसरते. दोर व बांबू लावून ती कांठाकडे ओढली, आणि उन्हांत वाळवून तिचें खत केलें. मग राडारोडा उचलला. त्या दिवशीं पहिली घमेलीं मीं स्वतः वाहिलीं, हें सांगण्यांत बढाई नसून तें प्रायश्चित्त होतें. पुढें गाळ काढण्यास पलीकडच्या आळींतले हिंदु शेजारी आपली फावडीं घेऊन आले, कारण त्यांच्याही विहिरी त्याच झऱ्यांवर. कोणत्या बाजूनें खणावें, कोठें झरा आहे, कांठ किती उतरता ठेवावा, हें तरुणांना ठाऊक नव्हतें. तें ज्यांना ठाऊक होतें ते ऐंशीच्या घरांतले दोन आजोबा खुर्च्या टाकून सावलींत बसत व तेथून हुकूम सोडीत. त्यांची आज्ञा माझ्या प्रवचनाहून अधिक तत्परतेनें पाळली गेली, असें मला येथें कबूल केलें पाहिजे.

पुढील पावसाळ्यांत बावखल भरलें. विहीर मात्र लगेच गोड झाली नाहीं. एक वर्ष गेलें, दुसरें गेलें; तिसऱ्या वर्षीं आजीबाईंनीं पुन्हां तांब्या आणला, आणि या वेळीं त्या कांहीं बोलल्या नाहींत. खंड्या पक्षी पुन्हां बांबूवर बसूं लागला. शाळेचीं मुलें आतां महिन्यांतून एकदां काठीनें पाण्याची पातळी मोजून वहींत लिहितात. सणाच्या मंडपांत थर्मोकोल बंद झाला आहे. एवढें सगळें झालें, तरी हा इतिहास पुरा झाला असें समजूं नये.

कारण या बावखलांत देवळाचा एक वाटा व तीन कुटुंबांचे तीन वाटे आहेत. तिघांपैकीं एका कुटुंबास मुलीच्या शिक्षणासाठीं व घरांतल्या आजारपणासाठीं पैशाची निकड आहे, आणि जागेला गिऱ्हाईक उभें आहे. त्या कुटुंबास दोष देणें फार सोपें आहे. परंतु ज्या पाण्याचा लाभ साऱ्या आळीनें घ्यावा, त्याचा खर्च एकट्या गरजूनें सोसावा, हा न्याय नव्हे. दुसरीकडे आपल्याच धर्मग्राम-परिषदेपुढें एक सूचना आली आहे, कीं महोत्सवाच्या निमित्तानें बावखलाचा देवळाकडचा भाग बुजवून गाड्या उभ्या करण्यास मैदान करावें. सूचना आणणारे आपलेच कष्टाळू बंधु आहेत, व त्यांचें कारणही खोटें नाहीं. गेल्या सणाच्या दिवशीं रस्त्यावर गाड्यांची अशी दाटी झाली, कीं एका रुग्णास नेणारी गाडी अर्धा तास अडकून पडली. यावर निर्णय महोत्सवानंतरच्या बैठकींत व्हावयाचा आहे.

परिषदेचा निर्णय परिषदच करील. परंतु लेखकास मत मांडण्याचा अधिकार असतो, म्हणून माझें मत येथें मांडतों. गाड्यांसाठीं शाळेचें पटांगण सणाच्या दिवशीं खुलें करतां येईल. स्टेशनाकडून येणाऱ्यांसाठीं सामाईक रिक्षांची व्यवस्था करतां येईल. रस्त्याची एक बाजू रुग्णांसाठीं मोकळी ठेवण्यास युवक-मंडळ उभें राहील. आणि त्या गरजू कुटुंबाचा वाटा धर्मग्रामानें व आळीनें मिळून रास्त किंमतीस घ्यावा. महोत्सवाच्या रोषणाईसाठीं जी वर्गणी जमली आहे, तिचा अर्धा भाग त्यासाठीं काढावा, असें मी सुचवितों. एक रात्र दिवे कमी लागले तर देऊळ अंधारांत पडणार नाहीं. बुजविलेलें बावखल मात्र पुन्हां खणलें जात नाहीं. निदान मीं तरी तसें झालेलें पाहिलेलें नाहीं.

शेवटीं महोत्सव या शब्दाविषयीं दोन शब्द. पवित्र शास्त्रांत लेवीय नांवाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षाचा विधि सांगितला आहे. त्या वर्षीं मिरवणूक काढावी वा रोषणाई करावी असें तेथें म्हटलेलें नाहीं. जमिनीला विसावा द्यावा, अडचणींत विकली गेलेली जमीन मूळच्या कुटुंबाकडे परत जावी, आणि भूमि ही देवाची असून आपण तिच्यावर केवळ पाहुणे आहों हें स्मरावें, असें तेथें सांगितलें आहे. २०१५ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं 'लाउदातो सी' या परिपत्रांत स्वच्छ पाणी हा प्रत्येक मनुष्याचा मूलभूत हक्क आहे असें जें प्रतिपादिलें, तें याच जुन्या विधीचें आजच्या भाषेंतलें रूप आहे असें मी मानतों.

या लेखांत मीं कोणाही स्वयंसेवकाचें नांव लिहिलें नाहीं, याचें कांहीं जणांस वाईट वाटेल. तें त्यांच्याच विनंतीवरून. "नांवं लिहूं नका, फादर, येत्या वैशाखांत गाळ काढायला माणसं कमी पडतायत तेवढं लिहा," असें त्यांनीं मला सांगितलें. म्हणून तेंच लिहून हा लेख पुरा करितों. ईस्टर आटोपल्यावर येणाऱ्या पहिल्या शनिवारीं, सकाळच्या मिस्सेनंतर, शाळेमागें काम सुरू होईल. फावडें ज्याचें त्यानें आणावें. घमेलीं देवळाकडून मिळतील. मी असेनच.

आपला प्रभुसेवक,
प्रमुख धर्मगुरु